दहावा झेल

ती बाई नरखेडकडून पोरीला घेऊन आली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सत्तर सालानंतर काही वर्षं आम्ही नागपुरात शाळकरी मुलींची सॉफ्टबॉलची निवडचाचणी घेत होतो. कॉलेजांचे क्रीडाशिक्षक मुली पाहायला येत. निवडलेल्या मुलीला प्रवेश, हॉस्टेल आणि फी माफ.

प्रत्येकीला बॅटिंगला पाच चेंडू मिळत. या पोरीचे पाचही हुकले. मी तिच्या नावावर काट मारून पुढचं नाव पुकारलं, तोच ती बाई पदर खोचून माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, मारणं पाह्यलं तुमी. आता झेलणं पाहा."

"नियम पाच चेंडूंचा आहे. तुमची बस चुकेल."

"चुकू द्या. आमी संत्र्याचा तोडा करतो. मी शिडीवरून फेकतो, पोरगी खाली झेलते. दबलं फळ व्यापारी घेत नाही. हिच्या हातून एकबी दबत नाही."

ती हलेचना. मागच्या मुली खोळंबल्या, तेव्हा मी पोरीला मैदानात उभं केलं आणि आमच्या प्रशिक्षकांना दहा चेंडू जोरात मारायला सांगितलं. नऊ तिने इतक्या अलगद झेलले की हातमोज्याचा आवाजसुद्धा आला नाही. एका कॉलेजच्या शिक्षकांनी लगेच अर्ज पुढे केला.

पुढच्या वर्षापासून मी झेल आधी पाहू लागले.

बाईने अर्जावर अंगठा उठवला, बोट पदराला पुसलं आणि पोरीकडे वळली.

"दहावा काहून सोडला वं?"