रणगाड्याची खांदशेकणी

काकांनी आयुष्यात एकही वस्तू चालवून पाहिल्याशिवाय घेतली नाही. सायकल किंवा मोटारसायकल असेल तर ठीक आहे, पण ते खुर्चीसुद्धा चालवून पाहत. दुकानदाराला ती पुढे ढकलायला लावायची आणि आपण दहा पावलं मागे सरून, डोळे बारीक करून, तिचे मागचे पाय कसे पडतात ते बघत उभं राहायचं. फ्रिज घेताना त्यांनी दार उघडून आत पाहिलं, वाकून खालून पाहिलं आणि विक्रेत्याला सांगितलं, "चालवून दाखवा." त्याने वायर लावून फ्रिज सुरू केला. काकांना तो दुकानभर फिरवून हवा होता. फ्रिजला खाली चाकं असतात हे त्या विक्रेत्यालाही त्या दिवशी नव्यानेच कळलं. आमच्या कॉलनीत त्यांचं 'चालवून दाखवा काका' हे नाव पडलं ते तेव्हापासून.

ही खोड बैलबाजारातली. चांदूर बाजारजवळच्या गावात चाळीस वर्षं काळी जमीन कसून काका-काकू अमरावतीत राहायला आले. आमची कॉलनी निवृत्तांची. प्रत्येक फाटकावर संगमरवरी पाटी: निवृत्त कार्यकारी अभियंता, निवृत्त प्राचार्य, निवृत्त उपजिल्हाधिकारी. एका गृहस्थांच्या पाटीवर तर ते ज्या पदावरून निवृत्त झाले त्याच्या वरचं पद कोरलेलं आहे. काकांनी महिनाभर या पाट्या वाचल्या आणि एक दिवस आपलीही करून आणली: 'निवृत्त शेतकरी'. शेतकऱ्याला निवृत्त होता येतं की नाही यावर कॉलनीत आठवडाभर चर्चा चालली. मी त्यांच्या शेजारी राहतो आणि इथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही.

ही निवृत्ती घरात मात्र काकांना फार महाग पडली होती. शेत भाच्याकडे कसायला दिल्यावर गोठ्यात बैलजोडी राहिली, हरण्या आणि बांड्या. काकू पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस बाळापूरला गेल्या आणि तेवढ्यात काकांनी जोडी विकून टाकली. घेणारा माणूस चांगला होता, बैल चांगल्या घरी गेले, हे सगळं खरं. पण काकूंना विचारलं नव्हतं. हरण्याला त्यांनी वासरू असताना बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. परत आल्या तेव्हा गोठा धुऊन पुसून कोरडा होता. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पुढच्या पोळ्याला त्यांनी पुरण घातलं नाही, त्याच्या पुढच्या पोळ्यालाही नाही. काकांनी बाजारातून मातीची बैलजोडी आणली तर काकू म्हणाल्या, "जो चालत नाही तो कायचा बैल? बैल दारात चालत येईन तवाच पुरन शिजवीन."

दुसरा कुणी असता तर याचा अर्थ समजून गप्प बसला असता. काकांनी मात्र हे कामाचं टिपण घ्यावं तसं घेतलं. दारात चालत येणारं काहीतरी हवं होतं, आणि चालवून पाहण्यात तर त्यांची हयात गेली होती.

एका सकाळी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. फोनवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ होता. हातातल्या रिमोटवर तो गुडघ्याएवढा रणगाडा चिखलातून चालवत होता. "सर, तुमी फिजिक्सवाले," काका म्हणाले. "याले स्टेरिंग नाई. मंग हे वळते कसं?" मी कागद घेतला, दोन पट्टे काढले, बाण काढले, वेगातला फरक समजावला, वळणाची त्रिज्या काढून दाखवली. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे डावा आवरायचा अन् उजवा हाकायचा," ते म्हणाले. "मंग हे तं जूच हाय." बी.एस्सी.च्या वर्गात मी तेव्हापासून हेच वाक्य वापरतो, अर्थात काकांचं नाव न सांगता.

रिमोटची साधी मोटार स्वस्तात मिळेल, असं मी सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्यांना पोळ्याला शेळी आणायला सांगत होतो. "मोटारीत एकच जीव असते, सर. याच्यात दोन हायेत."

मग सुरू झाली निवड. दिवाळीपासून आखाडापर्यंत काकांनी जगातले सगळे खेळण्यातले रणगाडे पाहिले. व्हिडिओचा आवाज ते बंद करत, कारण विकणारा बोलणारच, चाल खोटं बोलत नाही असं त्यांचं म्हणणं. एक रणगाडा त्यांनी पोटातून खाली लागतो म्हणून नाकारला, एक मागून हलका आहे म्हणून. तिसऱ्याची नुसती तोफच लांब होती, "तोंड मोठं अन् खांदा नाई" असा शेरा मारून त्यालाही परत पाठवलं. एका नामांकित जर्मन रणगाड्याला ते "उठते पन बसल्यावर" असं म्हणाले, त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. आमच्याकडे मुलगी पाहायला गेलेले लोकही इतका वेळ घेत नाहीत.

अखेर अकोल्याच्या एका खेळण्यांच्या दुकानात असले रणगाडे मागवून मिळतात असा शोध लागला. मला सोबत नेलं ते बॅटरीचं कळतं म्हणून. काकांच्या पिशवीत काहीतरी जड होतं. मला वाटलं, दुकानदाराला शेतातली काही भेट असेल. दुकानात तीन रणगाडे मांडलेले होते. दुकानदार तोफेतून गोळ्या कशा उडतात, मागून धूर कसा निघतो, इंजिनाचा आवाज कसा हुबेहूब येतो ते सांगत असतानाच काकांनी पिशवी उपडी केली. चकचकीत फरशीवर त्यांच्या शेतातली काळी माती पडली. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं आणि आलेलं पाणी मातीत ओतून तिचा चिखल केला. "आता चालवून दाखवा."

आमचा चिखल ज्यांनी पायाला लावून घेतलाय त्यांना पुढचं सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे दोन रणगाडे वीतभर गेले, पट्ट्यांत गोळे धरले आणि जागच्या जागी कण्हत बसले. धातूचे पट्टे आणि दोन्ही बाजूंना वेगळा गिअरबॉक्स असलेला तिसरा मात्र सावकाश पलीकडे निघाला. काका उकिडवे बसून त्याच्या मागे मागे गेले. त्यांनी तोच घेतला. गोळ्यांची सोय काढून टाकायला लावली, "बैल गोळ्या मारत नाई." इंजिनाचा आवाजही बंद करायला लावला. धूर ठेवला. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तो हातावर पसरला आणि बैलबाजारात करतात तसा त्याच्याखाली सौद्यासाठी हात पुढे केला. दुकानदाराने घाबरून आपला हात आत घातला. बोटांच्या भाषेत काय ठरलं ते मला कळलं नाही, आणि दुकानदाराचा चेहरा पाहता त्यालाही कळलेलं नसावं. फरशी मात्र काकांनी स्वतः पुसून दिली.

घरी आल्यावर त्या रणगाड्याला त्याच्या कंपनीनेही ओळखलं नसतं. काकांनी डावा अर्धा भाग हरणाच्या रंगाने रंगवला, उजव्या अर्ध्यावर पांढरे-काळे ठिपके काढले. सुताराकडून लाकडाची शिंगं घडवून घेतली, दोन जिवांची म्हणून चार. तोफेला वेसण घातली. धूर निघायच्या जागी उदाचा खडा ठेवायची वाटी बसवली. घुंगरांची माळ आली, बेगड आली, आरशांची झूल आली. मी सगळी वायरिंग करून दिली आणि कुठे काय बसवू नये ते तीनदा बजावलं. काकू हे सगळं ओट्यावर भाजी निवडता निवडता बघत होत्या. त्यांनी महिनाभरात एका शब्दानेही काही विचारलं नाही, आणि काकांचा जीव त्या न विचारण्यात अडकला होता. "औंदा नाई म्हनाली तं मी काही पुन्हा पोळा पाहनार नाई," असं ते मला एकदा खाली मान घालून म्हणाले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मला कुंपणापलीकडून काकांचा आवाज आला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खांदशेकणी चालली होती. जू ओढून बैलाचा खांदा दुखतो, म्हणून पोळ्याच्या आधी त्याला पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद लावायची, हा आमच्याकडचा रिवाज. मला तो माहीत होता, पण रणगाड्याचा खांदा कुणी शेकेल हे फिजिक्सच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काकांच्या मते रणगाड्याचा खांदा म्हणजे पुढच्या झाकणाच्या दोन कडा. आणि त्याच्याच खाली दोन गिअरबॉक्स होते. बांड्याला त्यांनी बेताने लावलं. हरण्याच्या बाजूला हात जरा सैल सुटला.

दुसऱ्या दिवशी काकांनी रणगाडा फाटकाशी उभा केला. फाटकापासून पायरीपर्यंत वीस पावलं, डाव्या हाताला तुळस. काकू पायरीवर बसलेल्या. काकांनी रिमोटच्या काड्या पुढे केल्या. घुंगरं वाजली, उदाचा धूर निघाला, चार शिंगांचा तो प्राणी ऐटीत निघाला आणि चार हातांवर डावीकडे वळून तुळशीला जाऊन धडकला. काकांनी तो मागे आणला. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदाही तेच झालं. आत तूप थिजून डावा गिअरबॉक्स जड झाला होता, पण ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. काकांच्या कपाळावर घाम आला. "चालवून पाह्यला होता न मी, सर," ते हळूच म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात काकू उठल्या. "हरण्या अजून डावीकडेच ओढून राह्यला का?" एवढंच म्हणून त्या पायऱ्या उतरल्या, वाकल्या, रणगाड्याच्या डाव्या बाजूला शिंगाच्या बुडाशी हात ठेवला आणि त्याच्यासोबत तशाच वाकून पायरीपर्यंत चालत आल्या. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "डाळ शिजाले वेळ लागन. तवर त्यायले सावलीत उभं करा." काकांनी रणगाडा सावलीत नेला. त्या दिवशी मी पहिल्यांदा एका रणगाड्याला पुरणपोळीचा घास दाखवलेला पाहिला, आणि मला हसू आलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेत मात्र कॉलनीच्या समितीने हरकत घेतली. बैल लाकडी असावा आणि त्याला चाकं असावीत, असा नियम निवृत्त उपजिल्हाधिकाऱ्यांनी वाचून दाखवला. काका म्हणाले, चाकं चौदा आहेत, शिंगं चार आहेत, आणि लाकूड शिंगांत आहे. यावर लेखी अर्ज मागवण्यात आला. पुढचे तीन पोळे तो अर्ज विचाराधीन होता.

त्या तीन वर्षांत मी कितीदा तरी म्हटलं की डावा गिअरबॉक्स उघडून साफ करतो. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, "राहू द्या, सर. आता कुठं घरचा झाला."

काका मागच्या माघात गेले. आजार आठ दिवसांचाच. दवाखान्यातही त्यांनी नवी चाकांची खुर्ची आधी रिकामी चालवून दाखवायला लावली होती. ते गेल्यावर कुंपणापलीकडची शांतता मला फार जड गेली. काकूंसाठी काहीतरी करावं असं सारखं वाटायचं, आणि फिजिक्सवाल्याला सुचावं तेच मला सुचलं. पोळा जवळ आला तसा मी बॅटरीच्या निमित्ताने रणगाडा घरी आणला, डावा गिअरबॉक्स उघडला, चार वर्षांचं काळं झालेलं तूप खरवडून काढलं, सगळं पेट्रोलने धुतलं, नवं ग्रीस भरलं. गच्चीवर तो रेघ ओढल्यासारखा सरळ धावला. मला माझा फारच अभिमान वाटला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तो काकूंच्या फाटकातून आत सोडला. तो एकदाही न अडखळता थेट पायरीशी जाऊन थांबला. काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. दारात चुकून आलेल्या परक्या जनावराबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कोनाचा हाय हा?"

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी काय केलं ते सांगून टाकलं. काकू आत गेल्या, आणि वाटीत कोमट तूप-हळद आणि पळसाचं पान घेऊन आल्या. "झाकन उघडा, सर." मी उघडलं. बांड्याला त्यांनी थोडंच लावलं. डाव्या बाजूला वाटी कलती केली आणि सगळं तूप आत उतरेपर्यंत तशीच धरून ठेवली. "आज आवतन घ्या," त्या रणगाड्याला म्हणाल्या, "उद्या जेवाले या." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी काकांच्या सुरात, "उद्या चालवून दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी उभं राहून काड्या पुढे केल्या. घुंगरं वाजली. रणगाडा चार हात सरळ आला आणि मग हळूहळू तुळशीकडे ओढू लागला. काकू पायरीवरून उतरल्या.