बेचिराखमध्ये राख नाही

भाऊसाहेब गेल्याचं मला त्यांच्या सूनबाईंच्या फोनवरून कळलं. जामखेडच्या स्टँडवर होतो. माझी एसटी आली, निघूनही गेली, मी तसाच उभा... तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. पण निवृत्तीनंतरही लोकांनी ज्यांना त्याच मानानं हाक मारली, असे मी तरी एकच पाहिले.

ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. तेव्हा मी नवखा बातमीदार. खर्ड्याच्या पुढे माळावरच्या एका वस्तीला भर उन्हाळ्यात आग लागली. माणसं वाचली, घरं गेली. मी फोनवरच माहिती घेतली आणि 'वस्ती बेचिराख' असा मथळा देऊन मोकळा झालो. दोन दिवसांनी भाऊसाहेब ते कात्रण घेऊन माझ्या दारात हजर. वरून त्यांना विचारणा झाली होती, की वस्ती उठलीच असेल तर पाण्याचा टँकर कशाला पाठवायचा? सोबत माझी बातमी जोडलेली.

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे शब्द उलगडून सांगितला. मूळ फारसी, 'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लावायलाही कुणी उरलं नाही ते बेचिराग. जुन्या दप्तरांत ओसाड गावापुढे हाच शेरा असायचा. पुढे बोलता बोलता 'ग'चा 'ख' झाला आणि आपल्याला त्यात राख दिसू लागली. "जळालं म्हणून गाव बेचिराख होत न्हाई," ते म्हणाले. "माणूस उरला न्हाई, तर होतं. चला, बघून येऊ."

त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. दिवस मावळत होता. काळ्या पडलेल्या भिंतीला चार पत्रे टेकवून गजराबाई नावाची म्हातारी दोन शेळ्यांसह राहत होती. बाकीचे सगळे सोयऱ्याधायऱ्यांकडे पांगलेले. तुम्ही का नाही गेलात, असं मी विचारलं.

"समदीच गेल्यावर माघारी कुनाकडं येत्याली?" एवढंच बोलून तिनं रॉकेलची चिमणी पेटवली.

भाऊसाहेबांनी गाडीच्या सीटवर कागद ठेवून तिथंच अहवाल लिहिला. वस्तीत दिवा आहे, सबब वस्ती बेचिराख नाही. टँकर चालू राहिला. मी दुरुस्ती छापली, आयुष्यातली पहिली. पावसाळ्यानंतर एकेक कुटुंब परतलं. आज तिथं स्लॅबची घरं आहेत. पुढे कितीतरी वर्षं शब्द अडला की मी भाऊसाहेबांना फोन करायचो. ते अर्थ सांगत, पण त्याआधी विचारत, जाऊन पाहिलंत का?

परवा त्यांच्या घरी गेलो. काकू पुढच्या खोलीत बसल्या होत्या, मांडीवर जाडजूड शब्दकोश. शेवटची दोन वर्षं भाऊसाहेबांना दिसत नव्हतं. दुपारच्या चहानंतर काकू त्यांना रोज एक पान वाचून दाखवायच्या आणि ते मध्येच थांबवून एखाद्या शब्दाची हकिकत सांगायचे. आता कुणासाठी वाचता, हे माझ्या ओठांवर आलं होतं...

"'म'पर्यंत आलो हुतो आमी," काकू म्हणाल्या. "पुढचं ऱ्हायलंय." आणि चष्मा नीट करून त्यांनी पान उलटलं.