कळायला हवं का?

श्यू युन्चीला स्वस्थ बसलेलं तैवानच्या ताइनान शहरात कुणी पाहिलं नसेल. इस्पितळाच्या नोंदणी विभागात तिची उमेदीची वर्षं गेली, पण एका इस्पितळाची नोंद दुसऱ्याला वाचता येत नाही, याने तिचं डोकं अजून फिरायचं. देशभरच्या इस्पितळांसाठी नोंदींचा एकच साचा ठरवणाऱ्या, राजधानी तैपेईतल्या समितीवर तिला घेतलं, तेव्हा सहकारी म्हणाले, "सुटलो! आता तैपेईवाल्यांचं डोकं खाईल."

तिने ते खाल्लंही. तपासणीचा निकाल लागताक्षणी रुग्णाच्या मोबाइलवर दिसलाच पाहिजे, हा नियम तिने भांडून मंजूर करून घेतला. शरीर ज्याचं, बातमी त्याची, एवढंच तिचं म्हणणं.

नियम लागू व्हायच्या तोंडावर तिच्या आईच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ निघाली. डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे आईला बाहेर बसवून मुलांना सांगितलं.

थोरला भाऊ छोंग्याव जिन्यातच म्हणाला, "आईला अल्सर सांगायचं. आणि तुझ्या त्या साच्यात एक रकाना घाल, घरच्यांनी म्हटलं तर रुग्णाला दाखवू नये असा."

"दादा, असल्या लपवालपवीविरुद्धच भांडले ना रे मी!"

"मग आता उलटं भांड. तोंड तर तुझंच आहे."

तिची नुसती घालमेल झाली. खुर्चीत बसे, लगेच उठे. रकाना मागावा तर स्वतःचंच बोलणं गिळायचं. न मागावा तर नियम लागू होताच जुने निकालही उघडणार, आणि आईला ती बातमी भर बाजारात मोबाइल देणार. तिला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

बैठकीत ती उठली आणि तिसरंच बोलून गेली. "रकाना हवा. पण तो घरच्यांनी भरायचा नाही. निकाल दाखवण्याआधी रुग्णालाच विचारायचं, कळायला हवं का?"

कुणी हरकत घेतली नाही. बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी असंच 'अल्सर'ने गेलं होतं.

आता आईला विचारणं आलं. रविवारी आई मासे साफ करत होती आणि युन्ची ओट्याभोवती घिरट्या घालत होती.

"बस की गं एका जागी! पायाला भिंगरी लावूनच जन्मलीस."

"आई, नवीन नियम आलाय. सगळ्यांनाच विचारताहेत. तपासणीत काही निघालं, तर तुला कळायला हवं का?"

आईचा हात थांबला. तिने लेकीकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा खवलं काढू लागली.

"नको, असं लिही," ती म्हणाली. "आणि रडू नकोस. रडलीस तर कळेल मला."