चावीताईचा तळहात

शहराच्या प्राणी निवाऱ्यात चावीताई एकोणीस वर्षं काम करते. कमरेला चाव्यांचा जुडगा असतो, त्यावरून हे नाव. ती येतेय हे कुत्र्यांना आमच्याआधी कळतं. मी शनिवारी तिथे जाते आणि घर हवं असलेल्या कुत्र्यांच्या जाहिराती लिहिते. साहित्य शिकल्याचा तेवढाच उपयोग झाला, असं माझे वडील म्हणतात.

नवं कुत्रं आलं की ताई कार्ड भरते. रंग, वजन, दात, जात. जातीचा रकाना पूर्वी कुणी वाचत नसे. सहा वर्षांपूर्वी एका लहान मुलीला कुत्र्याने फाडलं आणि शहराने कायदा केला. तीन जाती धोकादायक ठरल्या, पिटबुल त्यांतली एक. त्यांना कुणाच्या घरी द्यायचं नाही. एकवीस दिवसांत मालक आला नाही तर कायमचं झोपवणारी सुई.

जात ओळखायची रीत तिला जुन्या रखवालदाराने शिकवली होती. कुत्र्याच्या दोन कानांमध्ये तळहात ठेवायचा. डोकं हाताखाली झाकलं गेलं तर साधं कुत्रं. दोन्ही बाजूंनी बाहेर दिसलं तर पिटबुल. कायदा झाला त्याच वर्षी म्हातारा गेला आणि माप ताईच्या हाती आलं. त्याचा चामडी हातमोजा मात्र अजून कोठीत खिळ्यावर लटकतो.

ठोकळा आला तोही असाच मापला गेला. राखाडी रंग, एक कान फाटका. कुणी दाराशी आलं की आपलं भांडं तोंडात धरून उभा राहायचा, जणू रांगेत नंबर लागलाय. ताईने हात ठेवला आणि लिहिलं, ‘पिटबुल, मिश्र’. त्याचा एकविसावा दिवस शुक्रवारी होता.

दुसऱ्या पाळीचा रखवालदार साडेसहा फुटी. त्याला सगळे लांब्या म्हणतात; मापतो तोही तळहातानेच. शनिवारी चहा पिताना तो म्हणाला, “ताई, सगळे गुंड तुझ्याच पाळीला कसे येतात गं? माझ्याकडे तर सगळ्या गरीब गाई.”

“तुला बघून माना खाली घालत असतील,” ताई म्हणाली. आम्ही हसलो.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी होते. तिचा नवरा शिंपी. माझा कुर्ता बेतत होता. ताईने लांब्याचा टोमणा त्याला सांगितला आणि बोलता बोलता रीतही सांगितली. त्याने टेप गळ्यात टाकला.

“हातानं मापता?”

“मग कशानं मापणार?”

“अगं, वितीनं मापलेला कपडा मी कुणाला देत नाही. माझी वीत वेगळी, तुझी वेगळी. त्या म्हाताऱ्याचा हात केवढा होता?”

ताईने आपला तळहात समोर धरला. तव्यावरची पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, मी तिच्याबरोबर निवाऱ्यात गेले. तिने तो हातमोजा खिळ्यावरून काढला आणि घातला. तिचा हात त्यात विहिरीत पोहरा हलावा तसा हलत होता. मग तिने सहा वर्षांची कार्डं काढली. दोन्ही पाळ्यांना कुत्री जवळपास सारखीच आली होती. लांब्याने पिटबुल लिहिलेली बावीस. तिने लिहिलेली त्रेसष्ट.

ती कोठीच्या पायरीवर बसली. मी शेजारी बसले.

“एक्केचाळीस,” ती म्हणाली. “माझा हात लहान म्हणून.”

लांब्याने सोपा मार्ग सांगितला. “ठोकळ्याच्या कार्डावरचा एक शब्द खोड. कुणाच्या बापाला कळतंय?”

“ठोकळा सुटेल. पुढचा माझ्याच हाताखाली येणार ना?”

बुधवारी शहराच्या समितीपुढे सुनावणी होती. कायद्यात आणखी दोन जाती घालायच्या का, हा प्रश्न. निवाऱ्यातर्फे डॉक्टरबाई कायद्याच्या बाजूने बोलणार होत्या. त्या आणि ताई पंधरा वर्षांच्या मैत्रिणी. एका डब्यात जेवतात. बाईंना कुत्र्यांचा राग नाही, उलट मायाच आहे. त्या म्हणत, “पिंजऱ्यात चार वर्षं गोल फिरून वेडं होण्यापेक्षा सुई बरी. आणि जागा किती आहे आपल्याकडे? एक अडकलं की तीन बाहेर राहतात.” त्यांच्या भाच्याच्या गालावर कुत्रं चावल्याचे व्रण अजून दिसतात. त्यांचं म्हणणं मला कधी खोडता आलं नाही.

ताईनेही तिथे बोलायचं ठरवलं. तिच्यासाठी मी चार पानी निवेदन लिहून नेलं होतं. त्यात करुणा होती, न्याय होता, मुक्या जिवांचा आक्रोशही होता. तिने ते वाचलं, घडी करून मला परत दिलं.

“छान आहे. पण यात मी काय केलं ते नाहीये.”

सुनावणीची खोली लहान होती. पंखा खडखडत होता. डॉक्टरबाई बोलल्या. आपल्याच कार्डांवरचे आकडे त्यांनी पुरावा म्हणून दिले, शहरात धोकादायक कुत्री कशी वाढली त्याचे. मग ताई उठली. तिने हातमोजा टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला तळहात.

“हे आकडे माझे आहेत,” ती म्हणाली. “कुत्री वाढली नाहीत साहेब. माप लहान झालं.”

तिने रीत सांगितली. बावीस आणि त्रेसष्ट सांगितले. आवाज कुठेही चढला नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “तुम्ही याचं काही शिक्षण घेतलंय?”

“नाही. पण मी लिहिलेलं तुम्ही सहा वर्षं शास्त्र म्हणून वाचताय.”

“बाई, याची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नोकरीवर बेतेल.”

“म्हणून तर मी आलेय. दुसरं कोण सांगणार?”

धाडस मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. ते निवाऱ्याच्या निळ्या गणवेशात, घसरलेली चप्पल सावरत उभं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरबाई उठल्या. ताईकडे पाहत नव्हत्या. “सुया मी दिल्यात,” त्या म्हणाल्या. “चावणारं कुत्रं थांबवायलाच हवं, हे मी आजही म्हणेन. पण कुठलं चावणारं ते मला या रकान्यातून कळत नव्हतं. कळतंय असं मी धरून चालले. माझे आकडे मी मागे घेते.”

नव्या जाती घातल्या गेल्या नाहीत. जुना कायदा अजून आहे. पण चौकशी पुरी होईपर्यंत केवळ त्या रकान्यावरून सुई द्यायची नाही, घरही नाकारायचं नाही, एवढं ठरलं. ताईला कार्डाच्या टेबलावरून हटवलं. आता ती पिंजरे धुते. नोकरी राहील की जाईल, ते चौकशी ठरवेल.

पुढचे आठ दिवस त्या दोघी वेगवेगळ्या जेवल्या. नवव्या दिवशी डॉक्टरबाई डबा घेऊन पिंजऱ्यांच्या रांगेत आल्या आणि उलट्या बादलीवर बसल्या.

“लोणचं संपवलंस का सगळं?”

“तुमच्यासाठी कोण ठेवणार?” ताईने डबा पुढे केला. लोणचं होतं.

जेवून झाल्यावर बाईंनी खिशातून नवं कार्ड काढलं. जातीचा रकाना होता तिथे आता चार कोऱ्या ओळी. वर छापलेलं, ‘दहा दिवसांत काय पाहिलं?’

“टेबलावर बसायला मनाई आहे तुला. पिंजऱ्यासमोर बसायला नाही. ठोकळ्याचं तू लिही. दिवसभर त्याच्यासमोर तूच असतेस. मी तपासून सही करेन. चुकलीस तर आता दोघी चुकू.”

ताईने ओले हात गणवेशाला पुसले. ठोकळा भांडं घेऊन दाराशी आलाच होता. तिने लिहिलं:

‘माणूस आला की भांडं आणतो. काढून घेतलं तर देतो. शेजारचं कुत्रं गुरगुरलं तेव्हा मागे सरला. अनोळखी मुलांसमोर अजून पाहिलेलं नाही.’

शेवटचं वाक्य डॉक्टरबाईंनी दोनदा वाचलं. मग सही केली.

त्या शनिवारी मला ठोकळ्याची जाहिरात लिहायची होती. मी त्या चार ओळी जशाच्या तशा उतरवल्या.