पुसलेली किल्ली

ऑफिसात तिला सगळे किल्लीवाली म्हणत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एका छोट्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, ती अकरा वर्षं सांभाळत होती. माहिती कुलूपबंद करायची आणि ती उघडायच्या किल्ल्या पोटात जपायच्या, एवढंच त्या चिपचं काम. तिचा थोरला भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. तो चिडवायचा, "इतकी वर्षं तिची उस्तवार करतेयस, कधी 'ये, बस' तरी म्हणाली का ती तुला?"

दादाची मुलगी पंधराची झाली आणि आत्याच्या मागेच लागली. तिला रोज काहीबाही बोलून रेकॉर्ड करायची सवय होती आणि ते आईबाबांच्या कानावर जायला नको होतं. आत्याने एक जुना कॉम्प्युटर ठाकठीक करून, त्यात ती चिप बसवून दिला. रेकॉर्डिंग्जची किल्ली चिपच्या कायमच्या कप्प्यात, पासवर्ड दिला की चालणारी. बाहेर तिची नक्कल कुठेच नाही.

"पासवर्ड कुणाला तरी सांगून ठेव गं."

"तुलाच सांगते की," पोरगी म्हणाली.

सतराव्या वर्षी ताप मेंदूत गेला आणि नऊ दिवसांत ती गेली.

महिन्याभराने आत्याने दादा-वहिनींना तो कॉम्प्युटर उघडून दिला. आत चारशे बारा रेकॉर्डिंग्ज होती. बसमधल्या भांडणाच्या नकला, गणिताच्या बाईंवरचा राग, आईच्या शिलाई मशीनच्या खडखडाटावर म्हटलेलं भलतंच गाणं. वहिनी घरीच कपडे शिवायची. दुपारी हातातलं काम बाजूला सारून ती एक रेकॉर्डिंग लावायची. दिवसाला एकच. पुरवून पुरवून ऐकायची.

"मी याची दुसरी प्रत काढून ठेवते," आत्या म्हणाली होती.

"नको गं. तिच्या लपवायच्या गोष्टी त्या. माझं सगळं ऐकून होऊ दे, मग बघू."

आत्यानेही मग फार ताणून धरलं नाही.

त्याच वर्षी कर्नलमधला कूटलेखनाचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याचा, सगळा विभाग नव्याने बांधायला घेतला होता. जुन्या ड्रायव्हरांनी नव्या नियमांत बसायचं, नाहीतर बाहेर पडायचं. किल्लीवालीने सात महिने खपून आपला ड्रायव्हर मुळापासून लिहिला. तपासणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, "चिप सुरू होताना मागच्या किल्ल्या तशाच राहतात. हे धोक्याचं आहे. सगळं पुसून सुरुवात करा." म्हणणं रास्त होतं. तिने एक ओळ वाढवली. चिपला दोन कप्पे होते, तात्पुरता आणि कायमचा. ती ओळ दोन्ही रिकामे करत होती. चाचणीच्या मशीनवर कायमचा कप्पा आधीपासूनच रिकामा, त्यामुळे चाचण्या बिनबोभाट पार पडल्या. सगळ्यांनी अभिनंदन केलं. तिने घरी येऊन आंघोळ केली आणि दहा तास झोपली.

चार महिन्यांनी सकाळी दादाचा फोन आला.

"अगं, तिचा कॉम्प्युटर पासवर्डच घेत नाहीये. चुकीचा म्हणतोय."

"काही बदललंत का?"

"आम्ही कशाला हात लावतोय! काल तो आपला आपणच बंद होऊन सुरू झाला."

आपोआप अपडेट घ्यायची सोय तिनेच करून दिली होती. दुपारी ती तिथे पोचली, खुर्ची ओढून बसली आणि कर्नलच्या आवृत्तीचा आकडा पाहिला. तिची ती ओळ असलेलाच नवा कर्नल होता. तरीही संध्याकाळपर्यंत तिने जुना कर्नल घालून पाहिला, चिपचा कप्पा वाचून पाहिला. सगळी शून्यं. वहिनी दारात उभी होती, मापाची टेप गळ्यात तशीच.

"उघडेल ना?"

"नाही उघडणार, वहिनी."

"तुला येतं ना सगळं? तूच बनवलंयस."

"मीच पुसलंय. मी लिहिलेल्या एका ओळीने किल्ली गेली. आता ते कुणालाच उघडता येणार नाही. मलाही नाही."

वहिनी म्हणाली, "दोनशे शहाऐंशी ऐकली होती मी. अजून एकशे सव्वीस राहिली होती." आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी किल्लीवालीने दुरुस्ती पाठवली: मुद्दाम सांगितल्याशिवाय कायमच्या कप्प्याला हात लावायचा नाही. त्याच परीक्षकाने विचारलं, "हा नुसता अंदाज आहे, की खरंच कुणाचं काही गेलं?" तिने लिहिलं, "एका घरचं गेलं. परत मिळणार नाही." त्याने तेवढ्यावर मान्यता दिली.

पाच महिने वहिनी तिच्याशी बोलली नाही. दादा फोन करायचा. हवापाणी, लिफ्टच्या गमती, आणि ठेवून द्यायचा. मग एका रविवारी वहिनीचाच फोन आला. "तुझ्या फोनमध्ये तिचं काही आहे का? आवाज?"

किल्लीवालीने सगळं धुंडाळलं. पोरगी बोलायचं असलं की थेट दारात येऊन उभी राहायची. फोनमध्ये सापडले ते चार-दोन मेसेज, 'आत्या खाली ये' असले. ती ते घेऊन गेली. वहिनीने वाचले, फोन परत दिला, आणि पहिल्यांदाच तिला जवळ बसवून घेतलं.

"ती 'आत्या' म्हणताना शेवटी कशी ओढायची गं? मला जमत नाहीये."

किल्लीवालीने म्हणून पाहिलं. वहिनीने मान हलवली. पुन्हा म्हणून पाहिलं.

"नाही," वहिनी म्हणाली, "अशी नाही." दादा उठून गॅलरीत गेला. आत दोघी आळीपाळीने म्हणून बघत राहिल्या, आणि एकदाही ते जमलं नाही.