दारावरच्या माणसाचे डोळे

आमचे हे कित्येक वर्षांपासून एका बारच्या दारावर उभे असतात. आत कुणाला घ्यायचं ते मालक सांगतो. बाहेर कसं काढायचं ते यांच्यावर सोडलेलं असतं. मुकाट्याने गेला तर पायांनी जातो, नाहीतर पायऱ्यांवरून गडगडत जातो. बारमध्ये यांना झापड म्हणतात. डोळ्यांवर कायम झापड असायची म्हणून, आणि दुसरं कारण ज्यांनी खाल्ली त्यांना ठाऊक.

मी घरी इस्त्रीचं काम करते. यांचे काळे शर्ट मी वेगळे धुते, गार पाण्यात. गरम पाण्यात रक्त कापडाला धरून बसतं. शर्ट बघून मला कळतं काय घडलं असेल. बाहीवर शिंतोडे असले की कुणाचं तरी नाक गेलेलं असतं. कॉलरवर असले की यांचंच काहीतरी फुटलेलं असतं. एकदा खिशात दाढ निघाली. ती मी कचऱ्यात टाकली आणि भाजी चिरायला बसले. आता म्हणाल, कसली बाई आहे ही! तीस वर्षं धुवून बघा, मग बोलू.

माझ्या अंगाला यांनी कधी बोट लावलं नाही, हेही सांगते. पण हातांची सवय ती सवय. दार लावलं की चौकट हादरते. टीव्हीला मुंग्या आल्या की त्याच्या टाळक्यात थप्पड. झुरळ दिसलं तर चप्पल शोधत बसणार नाहीत, तळहातानेच भिंतीवर चिरडतील आणि हात पँटला पुसतील.

वय झालं तशी यांच्या पापण्यांची कातडी सुटून बुबुळांवर उतरली. दारावर ते पथ्यावरच पडलं. नजर कुठे आहे ते समोरच्याला कळायचं नाही, मग ठोसा कुठून येणार ते तरी कसं कळणार? अडचण घरात होती. आमची मुलगी कामाला जाताना नातीला माझ्याकडे सोडते. चार वर्षांची आहे, बोलायला पोपट. पण हे खोलीत आले की ती इस्त्रीच्या टेबलाखाली. यांनी घ्यायला हात पुढे केला की पार भिंतीला चिकटायची. शहरभराची हाडं मोडलेला हा माणूस, तिथे मात्र हात मागे घेऊन गुपचूप उभा राहायचा.

मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, तुमचे डोळेच तसे आहेत हो. तुम्ही सदा रागावल्यासारखे दिसता. ती घाबरते."

पुढच्याच आठवड्यात हे कुणाकडून तरी पत्ता काढून डॉक्टरकडे गेले, आणि पापण्या कापून उचलून घ्यायचं ठरवून आले.

"हे बघ," मला म्हणाले, "कुणाला कळता कामा नये. दारावरचा माणूस सुंदर व्हायला गेला म्हणतील. उद्यापासून शेंबडं पोरही आत घुसेल."

डॉक्टरांनी ऑपरेशननंतर बजावलं: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि रागवायचं तर अजिबात नाही. तिसरं ऐकून मी तिथेच फिस्सकन हसले.

घरी आणलं तेव्हा चेहरा बघवत नव्हता. दोन्ही डोळे जांभळे, सूज गालांपर्यंत, पापण्यांवर काळ्या दोऱ्याची बारीक शिवण. पाठीशी उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे, तेही पापण्या पुरत्या न मिटता. मधल्या फटीतून पांढरं दिसायचं. दिवसभर खुर्चीत मान मागे टाकून, दोन्ही हातांनी डोळ्यांवर बर्फाच्या ओल्या घड्या दाबून धरायचे. आणि एका दुपारी नात टेबलाखालून बाहेर आली. हळूहळू खुर्चीपाशी गेली, यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"आजोबा, दुखतंय?"

"नाही गं," हे म्हणाले. हात डोळ्यांवरून हलवायची हिंमत होईना. ती गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? गुण आला." इतके हरखलेले मी यांना मुलीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

पण औषधं आणायला हे एकदा स्वतःच खाली उतरले, काळा चष्मा लावून. चष्म्याखालचे निळे गाल कुणीतरी पाहिले, आणि बोंब झाली की झापडला कुणीतरी झोडपलं. समोरच्या बारवर बंब नावाचा एक आडदांड उभा असतो. यांच्या जागेवर त्याचा फार दिवसांपासून डोळा. त्याने छाती ठोकून सांगितलं, मीच फोडला म्हाताऱ्याला. हे कानावर आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, सांगून टाका ना खरं!"

"नको. मार खाल्ला म्हणू देत. ते चालतं."

बंबला तेवढ्याने पुरलं नाही. एका दुपारी पिशवीभर संत्री घेऊन तो घरी आला, तब्येत विचारायला. दार उघडंच होतं. नात फरशीवर चित्र काढत होती, हे चष्मा लावून खुर्चीत, मी टेबलाशी, हातात तापलेली इस्त्री.

"काय झापडशेठ, बरं वाटतंय का?" म्हणत त्याने यांच्या गालावर दोन चापट्या मारल्या. सुजेवर. हे हलले नाहीत. "मालक म्हणत होता, आता मलाच घेतो दारावर. तुम्ही आराम करा. नातवंडं खेळवा."

मी इस्त्री उचलली. यांनी माझ्याकडे मान वळवून नुसती नकारार्थी हलवली.

"बघू तरी कसा झालाय चेहरा," म्हणून बंबने चष्मा ओढून काढला आणि खाली वाकला. टाके पाहिले. एक डोळा, दुसरा डोळा, दोन्हीकडे सारखी शिवण. त्याच्या टाळक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला.

"आयला! म्हातारा पापण्या शिवून आला! लग्नाला उभा राहतोय की काय?" आणि तो पोट धरून हसायला लागला. "थांबा, सगळ्यांना सांगतो."

तो दारापर्यंत पोचला नाही. यांनी मागून त्याचा पंजा धरला आणि दोन बोटं उलटी वळवली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मग त्याचं डोकं चौकटीवर आपटलं, पुन्हा आपटलं. तो संत्र्यांवर कोसळला तर हे त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले आणि वाकून, अगदी खाली वाकून, हाणत राहिले. त्याचा ओठ फाटला, नाक आडवं झालं, तोंडातून बुडबुडे यायला लागले. यांच्या डाव्या पापणीचा टाका उसवला, रक्त डोळ्यात उतरलं, तरी थांबेनात. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आणखी एक हाणा, असं मी मोठ्याने म्हणाले.

मग माझी नजर टेबलाखाली गेली. नात तिथे बसली होती. तिने कान दोन्ही हातांनी घट्ट दाबले होते आणि ती यांच्या मुठींकडे बघत होती. मूठ वर गेली की डोळे मिटायचे, खाली आली की उघडायचे.

मी बादलीभर पाणी यांच्या डोक्यावर ओतलं तेव्हा कुठे हे भानावर आले.

बंबला त्याची माणसं उचलून घेऊन गेली. तक्रार त्याने केली नाही. दुसऱ्याच्या घरात घुसून मार खाल्ला, हे सांगणार कुणाला? ऑपरेशनची बातमी त्याने पसरवली म्हणे, पण हसायची कुणाची छाती झाली नाही. मालक खूश होऊन स्वतः भेटायला आला. जागा राहिली. डॉक्टरांनी शिव्या देत टाका पुन्हा घातला, पण डावी पापणी थोडी खाली राहिली ती राहिलीच. उजवा डोळा मात्र टपोरा, स्वच्छ. त्यातलं सगळं आता दिसतं.

सूज उतरली, निळेपणा पिवळा होऊन गेला, आणि नात टेबलाखालून बाहेर येईना. हे तिच्यासमोर फरशीवर बसले, चष्मा काढून.

"बघ, आजोबांचे डोळे कसे छान झालेत. आता भीती नाही ना वाटत?"

तिने डोळ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आजोबा, आधी हात लपवा."

हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या हातातली इस्त्री कपड्यावर तशीच राहिली आणि गिऱ्हाइकाचा सदरा जळाला. यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसले. मग ती सरपटत बाहेर आली, यांच्या मांडीवर चढली आणि बोटाने डाव्या पापणीवरचा शिवणीचा वण चाचपून पाहिला. उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. पुसायला हात काढायची यांची छाती झाली नाही.

अजूनही तसंच चाललंय. ती घरी असली की हे हातांवर बसतात. मी यांना घास भरवते.