लेमानबाईंबरोबर आईचं ड्रेस्डेन

परदेशातल्या मुलाकडे आई आली की सोबत लोणचं येतं आणि मागे किस्से उरतात. लोणचं संपतं, किस्से मात्र मुरत जातात! आमच्या ड्रेस्डेनच्या मराठी ग्रुपमध्ये प्रत्येकाकडे असा साठा आहे. पण माझी आई ती आईच!

आई साताऱ्याच्या मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. इथे आठवड्यात कंटाळली. "ना माणसं, ना आवाज. आपल्याकडे असं नसतं! माझं तिकीट अलीकडचं कर." तिने दिवाळीपर्यंत राहावं, अशी माझी फार इच्छा होती. शेवटी शेजारच्या फ्राऊ लेमानना साकडं घातलं, "आईला एक दिवस तुमचं शहर दाखवा." लेमानबाई रिटायर्ड ट्रामचालक. दुभाषा म्हणून मीही गेलो.

*

पहिलाच सिग्नल. लाल दिवा, रस्ता रिकामा. आई निघाली. लेमानबाईंनी तिचा दंडच धरला. "नाइन! नाही! मुलं बघतात!"

"कुठायत मुलं?" आई म्हणाली. "आपल्याकडे असं नसतं!"

लेमानबाईंनी समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "तिथून बघत असेल एखादं."

आईला पाऊल मागे घ्यायला लावणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

*

मोठ्या चर्चच्या दारात आईने सवयीने चपला काढल्या. लेमानबाईही वाकून बूट काढायला लागल्या. "अहो, इथे बूट चालतात ना?" मी जर्मनमध्ये विचारलं.

"पाहुणी इतक्या मानाने आत जाणार आणि मी बूट घालून?"

बाहेर आलो, तर चपलांशेजारी आणखी चार जोड!

*

एल्बे नदीच्या काठी आईने थालीपीठ आणि लोणचं काढलं. लेमानबाईंनी लोणच्याची अख्खी फोड तोंडात टाकली. तिखट लागलं म्हणून कबूल केलं नाही. फक्त आधी टोपी काढली, मग कोट!

*

परतताना ट्राम सुटत होती. लेमानबाईंनी नुसता हात वर केला, ट्राम थांबली! चालक पोरगेला होता. "मीच शिकवलंय त्याला," लेमानबाई म्हणाल्या.

मी भाषांतर करेपर्यंत आई बोललीसुद्धा, "स्टुडंट? माझी स्टुडंट एसटी चालवते. हात केला की थांबते!"

मग दोघी अशा ताठ बसल्या, की शहर जणू त्यांच्याच मालकीचं. मला कोणी विचारेना. पण खरं सांगतो, त्या डब्यात माझीच छाती सगळ्यात फुगली होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर ब्रेड आणायला निघालो. तोच सिग्नल. लाल दिवा, रस्ता रिकामा. मला ऑफिसची घाई. "आई, मग तिकिटाचं काय करू?" म्हणत मी पाय पुढे टाकला.

आईने माझा दंड धरून मागे खेचलं, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "थांब! आपल्याकडे असं चालत नाही!"